एक ठोका चुकतोय

लाईट जाते तेव्हा नीलमनगरात
आधी अंधार होत नाही,
आधी आवाज जातो.
खालच्या शेडमधले आठ माग,
पलीकडच्या येमुलांचे बारा, कोपऱ्यावरचे टॉवेलवाले,
सगळे धोटा अर्ध्यात सोडून एकदम गप्प.
मग पंख्याची पाती मोजता येऊ लागतात
आणि आतून आई म्हणते, करंट पोयिंदी.

नायनाला हे ऐकू येत नाही.
एकतीस वर्षं मागाशेजारी उभा राहिला,
कान तिथंच ठेवून आला.
पण भिंतीला टेकलेला त्याचा तळहात
आईच्या आधी ओळखतो.
हात काढून घेतो, माझ्याकडे बघतो.
"गेली?"
मी मान हलवतो.

जनरेटर घेतला तो मंडपवाल्या कुरापाटीकडून, जुना.
टाकीवर अजून हळदीचे डाग आहेत,
कुणाच्या लग्नातले, कुणास ठाऊक.
ठेवलाय बोळात, पत्र्याखाली,
धूर घरात येऊ नये म्हणून.
मैनुद्दीन वायरमननं चेंजओव्हर बसवला
आणि भिंतीवर खडूनं लिहून गेला:
एक पंखा, दोन बल्ब, फ्रिज.
इस्त्री लावली तर मला बोलवायचं नाही.

यादीत नंतर भर पडली.
सत्यम्माचं वाफेचं मशीन
(विड्या वळून वळून तंबाखू तिच्या छातीत मुरलाय),
भिंतीवरून टाकलेली तिची वायर,
गल्लीतले सहा-सात मोबाईल.
मशीन चालू असलं की फ्रिज बंद,
दूध नासलं तर नासलं.
चिप्पा म्हणतो, तुमच्या या फटफटीनं
पोराचा अभ्यास होत नाही बे.
बारा माग चालू असताना होतो म्हणे.

पहिल्या दिवशी नायनानं एवढंच विचारलं,
"याच्यावर माग चालतो?"
नाही.
"एकसुद्धा?"
मी मान हलवली.
"मग कशाला," म्हणाला
आणि दोन महिने त्या बाजूनं गेला नाही.
पेट्रोलच्या कॅनवर मात्र
कुणीतरी रोज ओलं पोतं टाकत होतं.

परवा रात्री साडेबाराला गेली.
दिवसभर त्रेचाळीस, फरशीसुद्धा तापलेली.
पलीकडे सत्यम्माची शिट्टी सुरू झाली,
ती छातीतली.
मी चोक ओढला, दोरी ओढली,
ओढली, ओढली,
सातव्या झटक्याला खोकून लागलं.
बल्ब पेटला, पण कापत होता,
कच्ची झोप मोडल्यासारखा.

नायना लुंगी आवळत बाहेर आला.
टाकीवर पंजा ठेवला.
तापलंय, मी ओरडलो. कुणाला ओरडलो मी!
त्यानं डोळे मिटले.
तुटलेला धागा शोधताना मिटायचा तसे.
"एक ठोका चुकतोय."
मला काही कळेना.
माझे दोन्ही कान शाबूत, आणि मला नुसती धडधड.
त्यानं माझ्या खांद्यावर बोट वाजवलं,
ठक ठक ठक ठक,
मग जरा जागा,
मग ठक.
परत तसंच. परत.
तिसऱ्या वेळी ती जागा
माझ्या हाडाला लागली.
"प्लग बघ," म्हणाला.

भिंतीपलीकडून वाफेचा फुर्र फुर्र येत होता.
आम्ही दोघं पत्र्याखाली बसून राहिलो,
मला बोलायला काही सुचलं नाही
आणि त्याला ऐकायचं नव्हतंच.

अडीचच्या सुमारास त्याचा दुसरा हात
जमिनीवर टेकलेला होता.
"आली," म्हणाला.
मी म्हटलं, कुठं?
मग ऐकू आलं, लांबून एक माग,
मग दुसरा,
मग येमुलांचे सगळेच्या सगळे,
रात्रपाळी शिव्या देत उठली.
मी दांडा पाडला, इंजिन बंद केलं.
पंजा अजून टाकीवरच होता त्याचा.

सकाळी प्लग काढला. टोक काळं झालं होतं.
अशोक चौकात नवा मिळाला, एकशे साठ रुपये.
आणून त्याला दाखवला.
त्यानं नव्याकडे बघितलं नाही.
जुना घेतला, लुंगीला पुसला,
नखानं काजळी खरवडली
आणि सदऱ्याच्या खिशात टाकला,
विड्यांच्या बंडलाशेजारी.